घरातील एसीमधील बुरशी आणि यूव्ही दिवा : मराठवाड्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत एसी बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. अलीकडे पावसाळा सुरू झाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : एसीत यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा बसवला तर बुरशी कायमची जाते, असे ऐकले आहे, ते खरे आहे का? दारात उभे राहून दोन वाक्यांत याचे उत्तर देता येत नाही आणि अर्धवट उत्तर ऐकून लोक चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतात. म्हणून लोकांनी आजवर विचारलेले प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

एसी सुरू केला की पहिली दोन-तीन मिनिटे कुबट वास येतो. तो बुरशीचाच असतो का?

बहुतेक वेळा तो बुरशीचा आणि तिच्यासोबत वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. ओले गोणपाट दोन दिवस कोपऱ्यात पडून राहिल्यावर जसा वास येतो, तसा हा वास असतो. तो सुरुवातीला तीव्र जाणवतो आणि गारवा वाढत गेला की कमी होतो. वास सतत येत असेल आणि त्याला गटाराची झाक असेल, तर ड्रेन पाइप, म्हणजे एसीतील पाणी बाहेर नेणारी नळी, थेट सांडपाण्याच्या नळीत सोडला आहे का, हे आधी पाहावे. त्या वासाचा बुरशीशी संबंध नसतो.

खात्री करून घेण्यासाठी एसी बंद करून मेन स्विचही बंद करावा, हवा बाहेर येते ती पट्टी हाताने अलगद खाली करावी आणि मोबाइलच्या उजेडात आत पाहावे. आत आडवे, लांब, पंख्यासारख्या पात्यांचे नळकांडे दिसते. त्याला ब्लोअर म्हणतात. त्याच्या पात्यांच्या कडांवर काळे-करडे ठिपके किंवा ओलसर काजळीसारखा थर दिसला, तर शंका उरत नाही. समोरच्या जाळ्या दर आठवड्याला धुणाऱ्या, अतिशय टापटीप असलेल्या घरांतही हा थर मी पाहिला आहे, कारण जाळी धुतल्याने ब्लोअर स्वच्छ होत नाही.

मराठवाड्याची हवा तर कोरडी असते. बुरशी कोकणात होते, आपल्याकडे ती कशी होईल?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर प्रश्नातच आहे. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाण्याच्या थेंबांत बदलू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यात बाहेर ४० अंश सेल्सियस तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो. एसीची कूलिंग कॉइल, म्हणजे हवा गार करणारा नळ्या-पत्र्यांचा भाग, साधारणपणे ८ ते १२ अंशांपर्यंत थंड होते, म्हणजे दवबिंदूच्या थोडीशीच खाली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात ड्रेन पाइपखाली ठेवलेल्या बादलीत रात्रभरात थोडेसेच पाणी जमते. ऑगस्टमध्ये २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २४ अंशांवर जातो. तीच कॉइल आता दवबिंदूपेक्षा बारा-पंधरा अंशांनी थंड असते आणि तिच्यावरून पाणी अक्षरशः निथळत राहते. ही बादली भरलेली पाहून एसी खराब झाला म्हणून फोन करणारी माणसे दर पावसाळ्यात भेटतात.

आता यात आपल्याकडची धूळ मिळवावी. मार्च ते जून या काळात वावटळीची माती, रस्त्यांची धूळ, जालना-परभणीकडे जिनिंगचा बारीक कापूस आणि लातूरला डाळमिलांचा भुसा हे सगळे जाळीतून निसटून कॉइलच्या पत्र्यांवर आणि ब्लोअरवर बसते. बुरशीला वाढण्यासाठी अन्न, ओल आणि वेळ या तीनच गोष्टी लागतात. उन्हाळा तिच्या अन्नाची तजवीज करतो, पावसाळा ओल देतो आणि ऑक्टोबरमध्ये एसी ओला असतानाच बंद करून थेट मार्चमध्ये सुरू करण्याची आपली सवय तिला वेळ देते. ओल्या आणि मळलेल्या पृष्ठभागावर बुरशी एक ते दोन दिवसांत उगवू शकते आणि आपण तिला पाच महिने देतो.

शेतकरी घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कणसे भरत असताना पाऊस लागला की खरिपाची ज्वारी काळी पडते, तसाच प्रकार एसीच्या आतही होतो.

यूव्ही दिवा नेमके काय करतो?

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार (ती नॅनोमीटरमध्ये मोजतात) तीन पट्टे मानले जातात : ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा यूव्ही-ए, २८० ते ३१५ हा यूव्ही-बी आणि त्याखालचा, १०० ते २८० पर्यंतचा, यूव्ही-सी. जंतूंवर परिणाम करणारा पट्टा मुख्यतः यूव्ही-सी आहे. बुरशी, जिवाणू आणि विषाणू यांच्या पेशींतील डीएनए किंवा आरएनए हे किरण शोषून घेतात, त्यातील शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात आणि पेशीला स्वतःची नक्कल करता येत नाही. पेशी तिथल्या तिथे जळून जात नाही, पण तिची वाढ थांबते.

पाऱ्याची वाफ असलेले नेहमीचे जंतुनाशक दिवे २५४ नॅनोमीटरचे किरण देतात आणि यूव्ही-सी एलईडी बहुधा २६५ ते २८० नॅनोमीटरचे असतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. दिव्यात दिसणारी निळसर झाक हा पाऱ्याचा दृश्य प्रकाश असतो आणि तिच्यावरून दिव्याची ताकद ठरवता येत नाही.

बुरशीचे बीजाणू जिवाणूंपेक्षा कितीतरी चिवट असतात. काळ्या बीजाणूंमधील रंगद्रव्य तर किरणांपुढे छत्रीसारखे उभे राहते. ई. कोलायसारखा जिवाणू नव्वद टक्के निकामी करण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ मिलिज्यूल मात्रा पुरते, तर अ‍ॅस्परजिलस या काळ्या बुरशीसाठी ती शंभराहून अधिक लागते. तरीही कॉइलवर हे साधते, कारण कॉइल एका जागी स्थिर असते. दर चौरस सेंटिमीटरला ५० मायक्रोवॅट इतका मंद यूव्ही-सी प्रकाश पडत असला, तरी पाऊण तासात सव्वाशेहून अधिक मिलिज्यूल जमा होतात, आणि दिवा तर दिवसाचे चोवीस तास चालू असतो.

उन्हातही अतिनील किरण असतात. मग पापड-कुरडयांसारखे एसीचे भाग उन्हात ठेवले तर तेच काम होणार नाही का?

सूर्याचा यूव्ही-सी वातावरणातील ओझोनच्या थरात अडतो आणि जमिनीपर्यंत पोहोचत नाही. गच्चीवरचे वाळवण टिकते ते प्रामुख्याने त्यातील पाणी निघून गेल्यामुळे. उन्हातील उरलेल्या किरणांचा थोडा हातभार लागतो, पण खरे काम कोरडेपणा करतो. एसीच्या बाबतीतही कोरडेपणाचे महत्त्व दिव्यापेक्षा जास्त आहे. धुतलेल्या जाळ्या मात्र सावलीत वाळवाव्यात. मे महिन्याच्या उन्हात त्यांचे प्लॅस्टिक वाकते.

हे शास्त्र खरोखर सिद्ध झालेले आहे, की केवळ जाहिरात आहे?

शास्त्र पक्के आहे आणि जुनेही आहे. सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ थांबते, हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० च्या दशकात विल्यम वेल्स यांनी फिलाडेल्फियातील शाळांच्या वर्गांत असे दिवे लावून गोवराच्या प्रसारावर काम केले.

वातानुकूलन यंत्रणेबाबत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कॅनडातील मॉन्ट्रियल येथील अभ्यास. तो २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन कार्यालयीन इमारतींत कूलिंग कॉइल आणि पाण्याच्या ट्रेवर यूव्ही दिवे बसवून ते आळीपाळीने चालू आणि बंद ठेवण्यात आले. दिवा केव्हा चालू आहे, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. प्रकाश पडणाऱ्या पृष्ठभागांवरील सूक्ष्मजीव ९९ टक्क्यांनी घटले आणि कर्मचाऱ्यांच्या नाक-घशाच्या व श्वसनाच्या तक्रारीही कमी झाल्या.

मात्र त्या इमारतींतील यंत्रणा केंद्रीय होती. कॉइल माणूस आत उभा राहील एवढ्या खोलीत होती आणि दिवे बंद लोखंडी पेटीत होते. आपल्या भिंतीवरचा स्प्लिट एसी त्याहून फार वेगळा आहे, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत.

मग घरच्या स्प्लिट एसीत यूव्ही दिवा बसवावा की नाही?

कारखान्यातून दिवा बसवून आलेले मॉडेल नसेल, तर माझे उत्तर सहसा ‘बसवू नये’ असेच असते. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण प्लॅस्टिकचे आहे. स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये ब्लोअर, ड्रेन ट्रे, जाळ्या, हवेच्या पट्ट्या आणि वायरींवरील आवरण हे सगळे प्लॅस्टिकचे असते. यूव्ही-सी किरणांनी साधे प्लॅस्टिक आधी पिवळे पडते, मग त्यावर खडूसारखी भुकटी येते आणि शेवटी ते ठिसूळ होते. तांब्याच्या नळ्यांना आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यांना मात्र काही होत नाही. उलट अ‍ॅल्युमिनिअम हे किरण चांगले परावर्तित करते.

दुसरे कारण जागेचे आहे. कॉइल ब्लोअरभोवती कमानीसारखी वाकलेली असते आणि दोहोंमध्ये बोटभरही मोकळी जागा नसते. किरण सरळ रेषेत जातात. दिवा कॉइलच्या समोर लावला, तर मागे असलेल्या ब्लोअरवर प्रकाश पडत नाही, आणि स्प्लिटमध्ये बुरशीचे मुख्य घर ब्लोअरच असते.

तिसरे कारण गळतीचे, म्हणजे प्रकाशाच्या गळतीचे. हवा बाहेर येते त्या फटीतून किरणही खोलीत येतात आणि त्या फटीखालीच बहुधा पलंग असतो.

हे मी स्वतःच्या घरात अनुभवले आहे. माझ्या एका स्प्लिटमध्ये मी २५४ नॅनोमीटरचा छोटा दिवा हौसेने बसवला होता. पहिल्या रात्री खोलीतला उजेड घालवल्यावर समोरच्या भिंतीवर निळसर पट्टा पडलेला दिसला, तेव्हा उठून दिवा बंद केला. नंतर तो फक्त खोलीत कोणी नसताना चालवू लागलो. दुसऱ्या पावसाळ्यात एसीखालची भिंत ओली दिसू लागली. युनिट उघडले, तर दिव्यासमोरची ड्रेन ट्रेची कड लोण्यासारखी पिवळी झाली होती आणि अंगठ्याने दाबताच तिचा तुकडा हातात आला. ब्लोअरची दिव्याकडची बाजू स्वच्छ होती, पण पलीकडची पाती पूर्वीइतकीच काळी होती. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या स्प्लिटमध्ये मी बाहेरून आणलेला दिवा बसवलेला नाही.

कोणत्या घरांत तो उपयोगी पडतो?

ज्या घरांत डक्टचा एसी आहे, म्हणजे छताच्या वर एक मोठे युनिट आणि तिथून नळांवाटे सगळ्या खोल्यांत हवा नेलेली आहे, तिथे दिव्याचा खरा उपयोग होतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूरमधील मोठ्या बंगल्यांत, तसेच घराला लागून असलेल्या दवाखान्यांत अशी यंत्रणा आता दिसू लागली आहे. युनिटची पेटी पत्र्याची असते, कॉइलच्या पुढे मोकळी जागा असते आणि पेटी बंद असल्यामुळे प्रकाश खोलीत येत नाही. दिवा कॉइलच्या ज्या बाजूने थंड हवा बाहेर पडते त्या बाजूला, कॉइल आणि पाण्याचा ट्रे या दोहोंवर प्रकाश पडेल असा लावावा. जवळची वायर व प्लॅस्टिकचे भाग अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीने झाकावेत आणि झाकण उघडताच दिवा आपोआप बंद होईल असा सुरक्षा-स्विच घातल्याशिवाय काम पूर्ण समजू नये. बसवण्यापूर्वी कॉइल धुतलेली असली पाहिजे, कारण मळाच्या थराखाली किरण पोहोचत नाहीत.

एसी वॉरंटीत असेल, तर बाहेरचा दिवा चालेल का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

ऑनलाइन काही शे रुपयांत ‘एसी यूव्ही स्टिक’ मिळते. ती घ्यावी का?

घेऊ नये. स्वस्त पट्ट्यांमधील बऱ्याच एलईडी ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या, म्हणजे जांभळ्या उजेडाच्या असतात. त्या दिसायला आकर्षक असतात, पण चिवट बुरशीवर त्यांचा एसीत जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. खोक्यावर तरंगलांबी छापलेली आहे का, हे पाहावे : पाऱ्याच्या दिव्याला २५४ आणि एलईडीला २६५ ते २८० हा आकडा हवा. आकडा छापलेलाच नसेल, तर वस्तू परत करावी. आणि पट्टी खरोखर यूव्ही-सी असली, तरी वर सांगितलेल्या तिन्ही अडचणी तिलाही लागू होतात.

डोळ्यांना आणि त्वचेला किती धोका असतो?

वेल्डिंगच्या दुकानात काच न लावता ठिणगीकडे पाहिल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. यूव्ही-सी दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर तसाच त्रास होतो. पाहताना काहीच जाणवत नाही आणि काही तासांनी डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही. त्वचाही उन्हाने भाजल्यासारखी लाल होते. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. हात किंवा शरीराचा कोणताही भाग निर्जंतुक करण्यासाठी यूव्ही दिवा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये कोरोनाच्या काळात स्पष्ट केले होते.

म्हणून दिवा चालू असताना पेटी उघडून ‘चालतो का बघू’ असे कोणीही करू नये, मेकॅनिकनेही नाही.

यूव्ही दिव्यातून ओझोन निघतो का?

काही दिव्यांतून निघतो. पाऱ्याचा दिवा २५४ सोबत १८५ नॅनोमीटरचेही किरण देतो आणि ते हवेतील ऑक्सिजनपासून ओझोन तयार करतात. चांगल्या दिव्यांची काच हे किरण आतच अडवते. वीज कडाडल्यानंतर किंवा झेरॉक्सच्या मशीनजवळ येतो तसा तिखट, झणझणीत वास एसीतून आला, तर दिवा ताबडतोब बंद करावा. ओझोनमुळे खोकला येतो, छाती भरून आल्यासारखी वाटते आणि दम्याचा त्रास वाढतो. ‘ताज्या हवेचा वास’ किंवा ‘ओझोनयुक्त’ असे गुण सांगून विकले जाणारे दिवे माणसे राहतात त्या घरात अजिबात लावू नयेत. कॅलिफोर्निया राज्यात घरगुती हवा-शुद्धीकरण यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५० भागांची कायदेशीर मर्यादा आहे, यावरून हा विषय किती गंभीर मानला जातो, हे लक्षात येईल.

दिव्यामुळे खोलीच्या हवेतील बुरशी आणि विषाणूही मरतात का?

कॉइलसाठी लावलेल्या छोट्या दिव्याकडून ही अपेक्षा ठेवू नये. कॉइल दिवसभर प्रकाशात असते, पण हवा तिच्याजवळून सेकंदाच्या काही अंशात निघून जाते आणि तेवढ्या वेळात चिवट बीजाणूंना पुरेशी मात्रा मिळत नाही.

“दादा, एसी लावला की लेकराला शिंका सुरू होतात. दिवा बसवला तर थांबतील का?”

हा प्रश्न मला आयांनी सर्वाधिक वेळा विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर काळजीपूर्वक देतो. दिव्याने बुरशीची वाढ थांबते, पण निकामी झालेली बुरशी त्याच जागी चिकटून राहते. मेलेल्या बीजाणूंमध्ये आणि त्यांच्या तुकड्यांमध्येही अ‍ॅलर्जी निर्माण करणारी प्रथिने असतात, आणि वाळून सुटलेला थर ब्लोअरच्या वाऱ्यासोबत थेट खोलीत येतो. ज्या घरात दमा किंवा अ‍ॅलर्जीचे माणूस आहे, तिथे मळलेल्या एसीत दिवा लावल्याने काही दिवस त्रास वाढूही शकतो.

आधी ब्लोअर आणि ट्रे काढून संपूर्ण धुलाई करावी आणि ती चालू असताना मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवावे. पुढील दोन-तीन आठवडे शिंका केव्हा येतात, याची तारखेनिशी नोंद करावी आणि ती बालरोगतज्ज्ञांना दाखवावी. शिंका धुळीतील किडींमुळे, शेजारच्या शेतातील परागकणांमुळे किंवा नुसत्या थंड हवेच्या झोतानेही येतात. एसी स्वच्छ करूनही फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे आहे आणि यूव्ही दिव्यानेही ते जाणार नाही.

एसीतील काळी बुरशी म्हणजे कोरोनानंतर आलेली ‘काळी बुरशी’च का?

नाही. २०२१ मध्ये मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी म्युकरमायकोसिसमुळे आपली माणसे गमावली, कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामुळे हे दोन शब्द ऐकताच भीती वाटते, हे मी समजू शकतो. तो आजार म्युकर वर्गातील बुरशीमुळे होतो आणि त्या लाटेत तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. एसीच्या ब्लोअरवर दिसणारा काळा थर बहुधा क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या वेगळ्या बुरशींचा असतो. निरोगी माणसाला त्याने शिंका, खोकला किंवा घशाची खवखव होऊ शकते. मात्र घरात केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा साखर फार वाढलेली व्यक्ती असेल, तर बुरशी लागलेला एसी त्या खोलीत चालवूच नये, कारण अशा व्यक्तीला अ‍ॅस्परजिलसही घातक ठरू शकतो.

दिवा बसवायचा नसेल, तर बुरशी रोखण्यासाठी नेमके काय करावे?

पाणी बाहेर जाऊ द्यावे आणि आतला भाग कोरडा करावा. बाकी सगळे याच्यापुढे दुय्यम आहे.

ड्रेन पाइपला सलग उतार हवा. पाइप मध्येच वर उचललेला किंवा त्याचे टोक बादलीतील पाण्यात बुडलेले असेल, तर पाणी ट्रेमध्ये तुंबते. आपल्याकडे आणखी एक अडचण वारंवार येते : एसी बंद असलेल्या महिन्यांत कुंभारीण माशी पाइपच्या तोंडाशी मातीचे घर करते. औसा रस्त्यावरील एका घरात पाच महिन्यांनी एसी लावताच भिंतीवरून पाण्याची धार लागली. पाइपचे टोक कापले, तर आत दोन बोटे लांबीचा वाळलेल्या चिखलाचा गोळा होता, त्यामागे साचलेले काळे, शेवाळी पाणी होते आणि ट्रेमध्ये बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधली असती, तर हे टळले असते.

पावसाळ्यात एसी बंद करण्यापूर्वी वीस ते तीस मिनिटे तो नुसत्या पंख्याच्या मोडवर, म्हणजे फॅन मोडवर चालवावा. बऱ्याच नव्या एसींत ‘ऑटो क्लीन’ किंवा ‘सेल्फ क्लीन’ अशी सोय असते. बंद केल्यावरही पंखा काही वेळ चालत राहतो आणि कॉइल वाळते. तो एसीचा बिघाड समजून अनेक जण ही सोय बंद करवून घेतात. कृपया तसे करू नये. यूव्ही दिव्यावर खर्च करण्याआधी एक पूर्ण पावसाळा एवढी एकच सवय पाळून पाहावी, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींत २४ अंश हे तापमान आधीच ठरवलेले असते. विजेच्या बचतीसाठी ते योग्यच आहे. परंतु ऑगस्टमध्ये खोली गार होऊनही अंथरूण दमट लागत असेल, तर ड्राय मोड वापरावा. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली, तर भिंती आणि कपाटेही वाचतात.

पाण्याची टंचाई असताना एसीची धुलाई कशी करावी?

२०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मशीनच्या धुलाईसाठी बादल्या ओतताना जीव तुटतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून मोठी धुलाई दोन वेळा सुचवतो : एक पावसाळ्याच्या मध्यात आणि दुसरी एसी हंगामासाठी बंद करण्यापूर्वी. मार्चमधील धुलाईपेक्षा ऑक्टोबरची धुलाई महत्त्वाची आहे, कारण तेव्हा बोअरला पाणी असते आणि बुरशीला बंद महिन्यांत वाढायला अन्न उरत नाही. एसीतून निघणारे पाणी क्षारविरहित असते. ते पिऊ नये, पण जाळ्या धुण्यासाठी ते बोअरच्या जड पाण्यापेक्षा चांगले असते, कारण त्याने पांढरे डाग पडत नाहीत. कॉइलवर ब्लीच किंवा संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही टाकू नये. अ‍ॅल्युमिनिअमचे पत्रे खाल्ले जातात आणि गॅस गळू लागतो.

लोडशेडिंगमध्ये दिवा बंद पडला तर?

ही अडचण खरी आहे. वीज गेली की कॉइल ओली राहते, पंखा थांबतो आणि दिवाही विझतो, म्हणजे बुरशीला हवी तशी स्थिती नेमकी त्याच वेळी तयार होते. डक्टच्या यंत्रणेतील १५ वॅटचा दिवा घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो, तेव्हा त्याची वायर वेगळी घ्यावी. स्प्लिट वापरणाऱ्यांनी वीज परत आल्यावर, गारवा नको असला तरी, अर्धा तास फॅन मोड चालवावा.

दिव्याला वीज किती लागते आणि तो किती काळ टिकतो?

१५ वॅटचा दिवा चोवीस तास चालला, तर ३० दिवसांत १०.८ युनिट लागतात. आपल्या बिलातील दराने त्याला गुणावे. पाऱ्याच्या दिव्याचे उपयुक्त आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे अखंड वापरात सुमारे एक वर्ष असते. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो, पण यूव्ही-सी घटलेले असते. म्हणून बसवल्याची तारीख पेटीवर मार्करने लिहून ठेवावी. काचेवर धूळ किंवा बोटांचे ठसे असतील, तर किरण अडतात. दिवा बंद व थंड असताना हातमोजे घालून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने तो पुसावा.

कूलरमध्ये यूव्ही दिवा चालेल का?

नाही. कूलरचे पॅड सतत भिजलेले, जाड आणि प्रकाश आत न शिरणारे असतात. टाकीतील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करावी, म्हणजे डासांची अंडीही जातात, आणि कुजट वास आला की पॅड बदलावेत.

जुना दिवा कुठे टाकावा? आणि घरात फुटला तर काय करावे?

पाऱ्याच्या दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. तो घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. ट्यूबलाइटप्रमाणेच तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा, आणि तोवर मूळ खोक्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा.

फुटलाच, तर प्रथम एसी आणि पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि सगळ्यांनी दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नये, कारण त्याने पारा पसरतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने टिपून घ्यावेत, शेवटी फरशी ओल्या कागदाने पुसावी आणि हे सगळे झाकणाच्या बरणीत बंद करून बाहेर ठेवावे. गादीवर किंवा सतरंजीवर काच पडली असेल, तर तेवढे कापड धुण्याच्या मशीनमध्ये घालू नये. ते वेगळे बांधून काचांसोबतच द्यावे.